नवीन अँटेना लावल्यापासून सगळ्या हाइट ८-९ सेंमी खाली येतायत, अँटेना कॅलिब्रेट करून घ्यावा लागेल का?

सांगलीचा_रोव्हर

नमस्कार मंडळी. आमचं छोटं सर्व्हेचं ऑफिस आहे, सध्या पाणीपुरवठ्याच्या पाइपलाइनचं काम चालू आहे त्यामुळे हाइटला फार जपावं लागतं. जीपीएसचा बेस (एका जागी ठेवलेला रिसीव्हर) ऑफिसच्या टेरेसवर पिलरवर कायमचा बसवलाय, जुना जिओडेटिक अँटेना आहे, त्याचं काही दुखणं नाही. गेल्या महिन्यात नवीन रोव्हर (साइटवर न्यायचा रिसीव्हर) घेतला आणि त्याने साइटवर तीन पॉइंटला दोन-दोन तास स्टॅटिक केलं, म्हणजे एका जागी ठेवून रेकॉर्ड, बेसलाइन (बेसपासूनचं अंतर) १४ किमीच्या आसपास. त्याच तीन पॉइंटला मागच्या वर्षी जुन्या रोव्हरने केलेलं होतं आणि त्या व्हॅल्यू सगळ्यांनी मान्य केलेल्या आहेत.

आता गंमत अशी की नवीन व्हॅल्यू तिन्ही ठिकाणी खाली येतायत. एक ८७ मिमी, एक ९३, एक ९४. नॉर्दिंग-ईस्टिंग (आडव्या व्हॅल्यू) एकदम ओके, ४-५ मिमीत. म्हणलं पॉइंटच खचले की काय, म्हणून दोन पॉइंटमध्ये ऑटो लेव्हल फिरवली, ३०० मीटरचं अंतर आहे, तर लेव्हलचा फरक आणि नवीन रोव्हरच्या हाइटमधला फरक ३ मिमीत जुळतोय! म्हणजे दोन्ही पॉइंट एकमेकांना धरून बरोबर आणि दोन्ही मिळून खाली. डोकं चालंना झालंय.

विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणतो अँटेना फॅक्टरी कॅलिब्रेटेड आहे, तुमचा बेस जुना झालाय, तो बदला. (बदला म्हणजे त्यांच्याकडून घ्या.) नेटवर वाचलं की अँटेनाचं फेज सेंटर कॅलिब्रेशन रोबोवर वगैरे करतात, तर ते आपल्याकडे कुठं होतं, किती खर्च येतो? का आमचंच काही चुकतंय? पोल २ मीटरचाच होता, तिन्ही वेळा मी स्वतः बघितलाय.

बबल_सेंटर

सगळीकडे सारखंच खाली म्हणजे अँटेना बिघडलेला नाही दादा, कुठेतरी एक आकडा चुकून बसलाय. बिघडलेल्या गोष्टी इतक्या शिस्तीत चुकत नाहीत.

रिनेक्स फाइलचं (रिसीव्हरच्या कच्च्या डेटाची फाइल) हेडर उघडा नोटपॅडमध्ये. दोन ओळी इथे टाका, एक अँटेना टाइपची आणि एक अँटेना डेल्टा एच/ई/एन वाली. बेसची पण आणि रोव्हरची पण.

ओपनसोर्स_पक्या

आधी एक शंका. लेव्हल आणि जीपीएस हाइट डायरेक्ट कम्पेअर केली का? जीपीएसची इलिप्सॉइडल असते, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची, आणि आपल्याकडे जिऑइड (समुद्रसपाटीची पातळी) इलिप्सॉइडच्या साठ मीटरहून जास्त खाली आहे, त्यामुळे आकडे असे थेट जुळवता येत नाहीत.

सांगलीचा_रोव्हर

@पक्या, ३०० मीटरवरच्या फरकाचा फरक घेतलाय हो, तेवढ्यात जिऑइड किती हलणार. आणि जुनं-नवीन दोन्ही इलिप्सॉइडलच आहे.

@बबल, बघितलं. बेसला अँटेनाचं नाव पूर्ण आहे, रेडोम (अँटेनावरचं झाकण) कोड सकट, डेल्टा एच ०.०००० कारण पिलरवर थेट स्क्रू केलाय. रोव्हरला पण नाव बरोबर वाटतंय, पुढे एनओएनई लिहिलंय, म्हणजे रेडोम नाही. डेल्टा एच २.०८७०.

बबल_सेंटर

सापडलं की मग.

पोल २.००० चा. हे ८७ मिमी कुठून आले?

सांगलीचा_रोव्हर

आयला.

मी तर कंट्रोलरमध्ये २.००० च टाकलं होतं, "व्हर्टिकल" सिलेक्ट करून. हे त्याने स्वतःहून वाढवलं??

हॅनोव्हरकर

मी इथे जर्मनीत हॅनोव्हरला याच विषयात पीएचडी करतोय, मूळचा कराडचा, म्हणजे तुमचा शेजारीच. थोडं सविस्तर लिहितो, कारण हा घोळ इतका कॉमन आहे की आमच्याकडे येणाऱ्या डेटात पण दर दोन-तीन महिन्यांनी दिसतो.

रिनेक्समधली ती डेल्टा एच म्हणजे खालच्या खुणेपासून एआरपीपर्यंतची उंची. एआरपी म्हणजे अँटेना रेफरन्स पॉइंट, बहुतेक अँटेनांना तो अगदी बुडाशी असतो, जिथे स्क्रू बसतो तिथे. हा पॉइंट हाताला लागतो, टेपने मोजता येतो. पण सिग्नल तिथे पोचत नाही. तो पोचतो फेज सेंटरला, आणि फेज सेंटर अँटेनाच्या पोटात कुठेतरी हवेत असतं, तिथे काही खूण नाही की नट-बोल्ट नाही. एआरपीपासून ते साधारण ५ ते १२ सेंमी वर असतं, अँटेनाच्या बांधणीप्रमाणे, आणि एल१ चं वेगळं, एल२ चं वेगळं (या जीपीएसच्या दोन फ्रिक्वेन्सी).

तुमच्या कंट्रोलरच्या कन्व्हर्टरने काय केलंय तर शहाणपणा करून २.००० मध्ये एल१ च्या फेज सेंटरची उंची ०.०८७ मिळवून टाकली आणि ती एआरपीची उंची म्हणून हेडरमध्ये लिहिली. मग तुमच्या ऑफिसातल्या सॉफ्टवेअरने अँटेनाचं नाव वाचलं, अँटेक्स फाइलमधून (सगळ्या अँटेनांच्या फेज सेंटरची यादी) त्याचं मॉडेल काढलं आणि फेज सेंटरचा ऑफसेट पुन्हा एकदा वजा केला. एकच गोष्ट दोनदा वजा झाली, त्यामुळे पॉइंट तेवढाच खाली गेला. जुन्या रोव्हरचा कन्व्हर्टर सरळमार्गी असणार, तो एआरपीच लिहीत असेल म्हणून कधी त्रास झाला नाही.

उलटा प्रकारही होतो हां. डेल्टा एच बरोबर असते पण अँटेनाचं नाव सॉफ्टवेअरला ओळखू येत नाही, मग ते गुपचूप शून्य मॉडेल लावतं आणि पॉइंट ७-८ सेंमी वर जातो. आणि नाव न ओळखण्याचं कारण काय, तर एक स्पेस! ते नाव २० अक्षरांच्या जागेत बसतं, पहिल्या १६ मध्ये अँटेना आणि १७ ते २० मध्ये रेडोमचा कोड. कोणी रेडोम एक घर अलीकडे टाइप केला की झालं, माणसाला दिसायला सेम, मशीनला दुसराच अँटेना. काही सॉफ्टवेअर वॉर्निंग देतात, ती लॉगमध्ये पंधराव्या पानावर असते आणि लॉग कोणी उघडत नाही.

तर २.००० करून परत प्रोसेस करा आणि काय येतं ते सांगा. मला वाटतं ८७ जातील, पण तुमच्या ९३ आणि ९४ मधले वरचे ६-७ उरतील, आणि कॅलिब्रेशनचा खरा प्रश्न तिथून सुरू होतो.

जुनी_साखळी

वा, छान समजावलंत. मी रिटायर्ड माणूस, सर्व्हेत ३४ वर्षं काढली, त्यातली सुरुवातीची चेन आणि थिओडोलाइटवर. याच्याशी मिळताजुळता एक किस्सा सांगतो.

२००६ च्या नोव्हेंबरमध्ये आयजीएसने (ही अँटेक्स फाइल काढणारी आंतरराष्ट्रीय संस्था) सगळी पद्धत बदलली, जीपीएस वीक १४०० पासून, मला तो आकडा पाठ आहे कारण त्यापायी आम्ही दोन महिने झोपलो नाही. तोवर सगळं रिलेटिव्ह कॅलिब्रेशन होतं. म्हणजे एक चोक रिंग अँटेना, एओएडी/एम_टी नावाचा, तो आदर्श धरायचा, त्याचा एल१ ऑफसेट ११० मिमी आणि एल२ चा १२८ मिमी, आणि बाकी त्याच्यात काही चढउतार नाहीत असं मानायचं, आणि जगातले सगळे अँटेना त्याच्या तुलनेत मोजायचे. म्हणजे गावात एका माणसाची उंची पाच फूट धरायची आणि बाकीच्यांनी त्याच्याशेजारी उभं राहून आपली मोजायची. तो खरंच पाच फूट आहे का हे कोणी विचारायचं नाही.

मग ॲबसोल्यूट आलं, म्हणजे कोणाशी तुलना न करता मोजणं, आणि त्याच अँटेनाचा एल१ निघाला ९१ च्या आसपास आणि एल२ १२० च्या. आम्ही ज्या कामावर होतो तिथे एकाने बेसला जुनी रिलेटिव्ह फाइल ठेवली आणि रोव्हरला नवीन ॲबसोल्यूट लावली. सगळे पॉइंट हलले, प्रत्येक जण दुसऱ्याच्या ट्रायपॉडकडे संशयाने बघायला लागला. शेवटी एका ज्युनियर पोरानं फाइलची तारीख बघितली. त्या पोराला साहेबांनी चहा पाजला, त्याहून जास्त काही नाही.

तेव्हा @सांगली, बेस आणि रोव्हर दोघांना मॉडेल एकाच फाइलमधून जातंय का ते पण एकदा बघून घ्या.

ओपनसोर्स_पक्या

काका एक नंबर 😂

फाइलवरून आठवलं, आता आयजीएस२० ची अँटेक्स फाइल चालते, २०२२ च्या नोव्हेंबरपासून. अजून कितीतरी जणांच्या कॉम्प्युटरवर आयजीएस१४ किंवा त्याहून जुनी ०८ पडलेली असते. जुन्या फाइलींत बहुतेक अँटेनांचं जीपीएस आणि रशियाच्या ग्लोनासचं एल१-एल२ एवढंच असायचं, युरोपच्या गॅलिलिओची ई५ए किंवा जीपीएसची एल५ फ्रिक्वेन्सी नसायचीच, मग सॉफ्टवेअर तिथे एल२ ची व्हॅल्यू उसनी घेऊन वापरतं.

आपल्या भारताच्या नॅव्हिकच्या एस बँडचं तर विचारूच नका. २४९२ मेगाहर्ट्झचं कॅलिब्रेशन असलेला अँटेना कोणी बघितला असेल तर मला मेसेज करा, दर्शनाला येतो.

सांगलीचा_रोव्हर

झालं बघा. २.००० करून प्रोसेस केलं. फाइल एकच आहे काका, दोघांना आयजीएस२० वालीच, तपासलं.

पहिला पॉइंट जुन्याशी तंतोतंत. दुसरा ६ मिमी खाली, तिसरा ७ खाली. लै मोठं ओझं उतरलं. विकणाऱ्याला स्क्रीनशॉट पाठवला, ब्लू टिक आली, उत्तर नाही.

पण आता हे ६-७ मिमी डोक्यात बसलेत. सरांनी आधीच सांगितलं होतं हे उरतील म्हणून. पाइपलाइनला चालतंय मला माहितीय, पण आता समजून घ्यायचंच आहे. रोबोवर नेमकं करतात काय?

हॅनोव्हरकर

सर नको, नुसतं भाऊ म्हणा.

रोबोचं सांगतो. इथे युनिव्हर्सिटीच्या छतावर एक रोबो आर्म आहे, कारखान्यात वेल्डिंगला असतो तसाच दिसतो. त्याच्या हातात अँटेना देतात आणि तो खऱ्या सॅटेलाइटांचे सिग्नल घेत असताना त्याला सारखा फिरवतात, तिरका करतात, हजारो पोझिशनमध्ये. फेज सेंटर म्हणजे खरं तर एक बिंदू नाहीच. वाकड्यातिकड्या काचेच्या कंदिलात ज्योत एकाच जागी असते, पण तुम्ही बाजूने बघितलं तर थोडी इकडे वाटते, वरून बघितलं तर थोडी तिकडे, तसं. सॅटेलाइट डोक्यावर असताना सिग्नल एका जागी पोचल्यासारखा वाटतो, क्षितिजाजवळ असताना काही मिमी सरकतो. म्हणून आधी एक सरासरी जागा देतात, तो पीसीओ, आणि मग प्रत्येक कोनाला त्या जागेपासून किती कमीजास्त, तो पीसीव्ही. अँटेक्समध्ये जे आकड्यांचं भलंमोठं टेबल दिसतं ना, ते पीसीव्हीचं.

रोबोच का, तर छतावर मल्टिपाथ असतो, म्हणजे भिंतीवरून, पत्र्यावरून उसळून आलेला सिग्नल. अँटेना स्थिर ठेवून मोजलं तर अँटेनाची खोड कुठली आणि छताची कुठली हे वेगळं काढता येत नाही. झटपट फिरवला की छताचा परिणाम लागोपाठच्या दोन क्षणांत जवळपास तोच राहतो आणि वजाबाकीत निघून जातो, अँटेनाचा मात्र बदलतो. सोपी आयडिया आहे, पण ती नीट जमवायला इथल्या लोकांची बरीच वर्षं गेली. शेजारी गार्ब्सेनला जिओ++ कंपनीवाले आहेत, ते पण रोबोवरच करतात. बॉनला वेगळी पद्धत, बंद खोलीत, भिंतींना सिग्नल शोषणारे फोमचे सुळके लावलेले आणि सिग्नल कृत्रिम. अमेरिकेत एनजीएसचं (तिथलं सरकारी सर्व्हे खातं) सेंटर व्हर्जिनियात कॉर्बिनला आहे.

पण तुम्हाला यातलं काहीच लागत नाही. फाइलमध्ये तुमच्या मॉडेलची सरासरी आहे, त्याच मॉडेलचे चार-पाच नग मोजून काढलेली. तुमचा नग त्या सरासरीपासून एखाद-दोन मिमी इकडेतिकडे असणार. ते टेरेसवर घरच्या घरी तपासता येतं.

बेसपासून चारेक मीटरवर दुसरा पक्का माउंट करा. चोवीस तास ठेवा, जीपीएसची आकाशातली रचना साधारण दिवसाला पुन्हा तीच येते म्हणून पूर्ण दिवस. पहिल्या दिवशी अँटेनाची नॉर्थची खूण उत्तरेला, दुसऱ्या दिवशी फक्त अँटेना १८० अंशांत फिरवा, खूण दक्षिणेला, आणि सॉफ्टवेअरला काही सांगू नका. दोन दिवसांच्या नॉर्दिंगमध्ये जो फरक येईल त्याचा निम्मा म्हणजे तुमच्या नगाचा खरा आडवा ऑफसेट. तो फाइलमधल्याशी ताडून बघा.

उभ्याला ही ट्रिक चालत नाही. तिथे तुमची ऑटो लेव्हल काढा, दोन्ही एआरपीमधला फरक लेव्हलने मोजा आणि जीपीएसची हाइट तीनदा प्रोसेस करा, नुसत्या एल१ वर, नुसत्या एल२ वर आणि आयनो-फ्री एल३ वर, म्हणजे आयनोस्फिअरचा परिणाम काढायला दोन्ही एकत्र करून. चार मीटरवर आयनोस्फिअर आणि ट्रोपोस्फिअर दोन्ही कटतात, ट्रोपो एस्टिमेट करू नका फक्त. मग उरतो तो अँटेना आणि थोडा टेरेसचा मल्टिपाथ.

बबल_सेंटर

पोल वापरू नका हे करताना. २ मीटर पोलचा बबल ५ मिनिटं आउट असला तरी ३ मिमी जातात आणि तुम्ही बसाल अँटेनाला शिव्या देत. ट्रायब्रॅक (ट्रायपॉडवरचा लेव्हल करायचा बेस) लावा, आणि फिरवताना ट्रायब्रॅकला हात लावायचा नाही, वरचा अँटेनाच फिरवायचा.

आणि एरवीसुद्धा साइटवर खूण उत्तरेला करायची सवय पोरांना लावा. स्टॅटिकला सगळेच करतात म्हणे, प्रत्यक्षात कोणी करत नाही.

जुनी_साखळी

लेव्हल मधोमध लावा, दोन्हीकडे सारखं अंतर. चार मीटरला काय होतंय म्हणून टेरेसच्या कोपऱ्यात सावलीत लावणारे मी पाहिलेत.

गोव्याचो_हायड्रो

मधेच घुसतो. सीओआरएसवरून (कायमस्वरूपी बेसांचं नेटवर्क) आरटीके, म्हणजे जागेवरच लगेच दुरुस्त पोझिशन, घेणाऱ्यांना हेच प्रकरण दुसऱ्या रूपात येतं. नेटवर्कचा सर्व्हर बरेचदा बेसचं अँटेना मॉडेल आपल्याकडेच लावून मोकळा होतो आणि मेसेजमध्ये अँटेनाचं नाव पाठवतो "ॲडव्ह नल अँटेना", म्हणजे इथे आता काही दुरुस्त करायचं नाही, शून्य समजा. तुमच्या रोव्हरला ते नाव माहीत असलं तर ठीक. माहीत नसलं आणि तुम्ही मॅन्युअली बेसचा खरा अँटेना सिलेक्ट केला, की परत तेच दोनदा वजा. आम्ही जेटीच्या कामात एक आख्खा दिवस भरती-ओहोटीला दोष देत बसलो होतो.

सांगलीचा_रोव्हर

उशीर झाला, मधे पाऊस आला आणि एकदा वॉचमननी केबल काढून मोबाइल चार्जिंगला लावला 🙏 त्यामुळे एक दिवस परत करावा लागला.

आडवं: दोन दिवसांचा नॉर्दिंगचा फरक ३.८ मिमी, निम्मा १.९. फाइलमध्ये नॉर्थ ऑफसेट १.२ आहे. म्हणजे पाऊण मिमीचा फरक. ईस्टला तर काहीच नाही.

उभं: लेव्हलने रोव्हरचा एआरपी बेसच्या खाली ०.४१२६. नुसत्या एल१ वर ०.४१३१ खाली, म्हणजे अर्धा मिमी जास्त खाली. नुसत्या एल२ वर ०.४१०२, म्हणजे २.४ मिमी वर. इथवर मी खूश होतो, म्हणलं अडीच मिमीच्या आत आहे सगळं. मग एल३ लावलं तर ०.४१७६, चक्क ५ मिमी खाली! एल१ अर्धा खाली, एल२ अडीच वर, मग दोघांचं मिळून ५ खाली कसं काय? मधे कुठेतरी यायला पाहिजे ना?

हॅनोव्हरकर

अहो जबरदस्त, इथले मास्टर्सचे विद्यार्थी पण इतकं स्वच्छ करत नाहीत.

मधे येणार नाही, कारण एल३ ही सरासरी नाहीच. आयनोस्फिअर काढून टाकायला एल१ ला २.५४६ ने गुणतात आणि त्यातून एल२ गुणिले १.५४६ वजा करतात. तुमचे आकडे घाला. एल१ चा उणे ०.५ गुणिले २.५४६ म्हणजे उणे १.३. एल२ चा अधिक २.४ गुणिले १.५४६ म्हणजे ३.७, आणि तो वजा होतो. उणे १.३ उणे ३.७, बरोबर उणे ५. दोन चुका उलट्या दिशेच्या असल्या की एरवी आपण म्हणतो कटतील, इथे त्या हातात हात घालून वाढतात.

१४ किमीवर तुमचं सॉफ्टवेअर एल३ च वापरतंय, त्यामुळे साइटवरच्या ६-७ मिमीतले ५ तुम्ही टेरेसवरच पकडलेत.

बबल_सेंटर

आणि त्या २.४ मध्ये टेरेसच्या पाण्याच्या टाकीचा मल्टिपाथ किती हे कोणी सांगू शकणार नाही. टाकी आहे ना जवळ?

सांगलीचा_रोव्हर

आहे. सिंटेक्सची, लोखंडी स्टँडवर. तीन मीटरवर 😐

मग आता हे ५ मिमी हाताने वजा करू का प्रत्येक कामात?

हॅनोव्हरकर

अजिबात नको. एका टेरेसवरच्या दोन दिवसांवर कायमची दुरुस्ती ठरवत नाहीत. टाकीपासून लांब जाऊन एकदा परत करा, तेच आलं तर विचार करू. आणि ज्या कामात हाइट खरंच कसून पाहिजे तिथे दोन्ही टोकांना एकाच मॉडेलचे अँटेना, दोघांच्या खुणा उत्तरेला. १४ किमीवर दोन्ही अँटेनांना सॅटेलाइट जवळजवळ त्याच कोनात दिसतो, त्यामुळे मॉडेलची चूक दोन्हीकडे सारखी येते आणि वजा होते. नगानगातला फरक तेवढा उरतो.

जुनी_साखळी

आमच्याकडे म्हणूनच अँटेनाच्या जोड्या लावलेल्या असत, बैलांसारख्या. जोडी फोडली की साहेब ओरडायचे, का ते तेव्हा कोणी सांगितलं नाही.

सांगलीचा_रोव्हर

काका 🙏 जुना रोव्हर बेसच्याच मॉडेलचा होता, आत्ता लक्षात आलं. विकायला काढला होता, ती जाहिरात आधी काढून टाकतो. टाकीपासून लांबची टेस्ट दिवाळीनंतर, तेव्हा इथेच आकडे टाकेन.

ओपनसोर्स_पक्या

जाहिरात काढायच्या आधी किंमत तरी सांगा 😄